रिठ्याचा फेस आणि कूलरची बुळबुळ

बडनेऱ्यात उन्हाळा कॅलेंडर पाहून येत नाही, तो माळ्यावरून खाली उतरतो. मार्चचा शेवटचा आठवडा लागला की नवी वस्ती असो की जुनी वस्ती, घरोघरी कूलर काढले जातात. मागच्या वर्षीच्या ताट्यांमधलं गवत काळं पडून गळालेलं असतं, पंपाच्या जाळीत कोळ्यानं संसार मांडलेला असतो आणि टाकीच्या तळाशी वाळलेल्या पापुद्र्यांचा थर असतो. त्यावर बादलीभर पाणी ओतून तासाभरानं बोट फिरवून बघा. वाळून कोळ झालेला तो पापुद्रा पाणी पिऊन फुगलेला असतो आणि बोट सरकन घसरतं.

आमच्या वऱ्हाडीत ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. त्याच चालीनं बुळबुळीची बुयबुय होते. "निरी बुयबुय झाली होती वो टाकी, राख घेऊन घासली तवा कुठं निघाली," असं शेजारच्या काकू सांगतात, तेव्हा तो शब्द प्रमाण मराठीपेक्षा जास्त निसरडा वाटतो. शास्त्राच्या भाषेत ही चीज म्हणजे बायोफिल्म. मराठीत तिला जैवपटल म्हणता येईल, पण पटल म्हटलं की मला मोतीबिंदू आठवतो. या प्रकरणात मी शक्यतो बुळबुळ हाच शब्द वापरणार आहे, कारण तो आधी बोटाला कळतो आणि मग डोक्याला.

ही बुळबुळ म्हणजे नुसती घाण नाही, ते बांधकाम आहे. पाण्यात एकटादुकटा तरंगणारा जीवाणू तसा दुबळा. क्लोरीनचा थेंब, औषधाचा कण, एखादा भुकेला अमीबा, काहीही त्याला संपवू शकतं. पण टाकीचा पत्रा, नळाची आतली बाजू, दाताचं मूळ किंवा रुग्णाच्या लघवीच्या मार्गातली नळी असा कुठलाही ओला पृष्ठभाग मिळाला की तो आधी नुसता टेकतो. या टप्प्यावर धक्का बसला तर सुटूनही जातो. जागा जमली असं वाटलं की अंगातून चिकट द्रव्य सोडून स्वतःला डकवून घेतो. मग विभाजन होतं, शेजारी वाढतात, इतर जातींचे पाहुणे येतात आणि सगळे मिळून आपल्याभोवती एक जेली उभी करतात. तिच्यात पाण्याचाच वाटा सर्वांत मोठा. उरलेल्यात साखरेच्या लांबच लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या भाऊबंदांच्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए. आपल्याकडे जुन्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीत कुटार कालवून घालत. नुसती माती पावसात विरघळते, कुटाराचे धागे तिला धरून ठेवतात. बुळबुळीत साखरेच्या साखळ्या मातीचं काम करतात आणि डीएनएचे धागे कुटाराचं. भिंतींमधून पाणी खेळतं राहावं म्हणून बारीक वाटाही सोडलेल्या असतात. त्यांतून अन्न आत येतं आणि सांडपाणी बाहेर जातं.

ही वसाहत पहिल्यांदा पाहिली ती नेदरलँडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापड व्यापाऱ्यानं. आंतोनी व्हान लेव्हेनहूक कापडाची वीण तपासायला भिंगं वापरायचा. त्याच नादात स्वतः घडवलेल्या इवल्या भिंगांतून त्यानं स्वतःच्या दातांवरचं पांढरं किटण पाहिलं आणि त्यात वळवळणारे जीव आढळल्याचं १६८३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रानं कळवलं. पण मला त्याचं दुसरं निरीक्षण जास्त मोलाचं वाटतं. त्यानं व्हिनेगरनं चूळ भरून पाहिलं. किटणाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मेले, आतले मेले नाहीत. व्हिनेगर आतपर्यंत पोचलंच नव्हतं. आज रुग्णालयांपासून पाणीपुरवठ्यापर्यंत जी डोकेदुखी चालू आहे, तिचं सार त्या एका चुळीत होतं. पुढं बराच काळ सूक्ष्मजीवशास्त्रानं जीवाणू वाढवले ते बाटलीतल्या रश्श्यात, सुटे सुटे. डोंगरी ओढ्यांतल्या दगडांवरची निसरड तपासणाऱ्या कॅनडाच्या विल्यम कॉस्टरटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लेख लिहून सांगितलं, की निसर्गात जीवाणू बहुतेक वेळा असे सुटे राहतच नाहीत, ते चिकटून राहतात. तेव्हा कुठं बायोफिल्म हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला.

अमरावती आणि बडनेऱ्याला पाणी येतं ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. शुद्ध होऊन, क्लोरीन घेऊन निघालेलं पाणी घरच्या तोटीपर्यंत येताना किलोमीटरच्या किलोमीटर पाइपांतून जातं आणि त्या पाइपांच्या आतल्या अंगाला हीच बुळबुळ असते. जगातल्या कुठल्याही शहराचा पाइप कापून पाहा, ती असणारच. फरक पडतो तो नळ रोज, चोवीस तास येतो की नाही यानं. पाणी थांबलं की पाइप रिकामा होतो, बाहेरचा गाळ फटींतून आत ओढला जातो. पुन्हा पाणी सोडलं की जोराचा पहिला लोंढा भिंतीवरचा थर खरवडत निघतो. कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये थांबून थांबून येणारं आणि अखंड येणारं अशा दोन्ही पद्धतींच्या नळांचं पाणी तपासलं गेलं. थांबून येणारं पाणी जास्त दूषित निघालं आणि त्यातही सुरुवातीचं पाणी अधिक वाईट. आमच्याकडे नळ आला की पहिली बादली कुंड्यांना घालायची, पिण्याचं मागाहून भरायचं. ही सवय कुणी शिकवली कोण जाणे, पण ती चांगली आहे.

मग क्लोरीन काय करतो? भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असला पाहिजे. ग्रामपंचायतीचा माणूस टाकीत टीसीएल पावडर टाकतो ती याचसाठी. सुट्या जीवाणूंना एवढा डोस पुरतो. पण बुळबुळीच्या भिंतीशी गाठ पडली की क्लोरीन त्या जेलीतल्या साखरेशी आणि प्रथिनांशीच झुंजत बसतो आणि वरच्या थरातच खर्ची पडतो. आतल्या मजल्यावर जेमतेम वास पोचतो म्हणा ना. डोस वाढवला तर पाणी तोंडात धरवत नाही आणि पाइप गंजतात. अँटिबायोटिकचंही तसंच. बुळबुळीत दडलेल्या जीवाणूला मारायला सुट्या जीवाणूच्या शेकडो पट, कधी हजार पट मात्रा लागते. एवढं औषध पोटात घातलं तर जीवाणूच्या आधी रोगीच जायचा.

तेव्हा डोकं दुसरीकडे चालवावं लागतं. मारायचं नंतर बघू, आधी त्याची पकड सोडवता येईल का? इथं रिठा येतो.

बडनेऱ्याहून पश्चिमेला भातकुली, दर्यापूरकडे निघालं की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथून तो अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरत जातो. जमीन काळी, कसदार, पण विहिरीचं पाणी खारट आणि कठीण. शाळेच्या पुस्तकात कठीण पाण्याला दुष्फेन असा शब्द असायचा. मुलांना तो पाठ होत नसे, पण या पट्ट्यातल्या बायांना तो रोज नदीवर, विहिरीवर भेटत होता. साबणाची वडी झिजते, फेस येत नाही आणि कपड्यांवर पांढरा चोथा बसतो. साबण म्हणजे तेल आणि क्षार यांच्या संयोगातून झालेलं मीठच. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला पकडून न विरघळणारा साका करून टाकतात. फेसाच्या वाट्याला काही उरतच नाही.

त्याच पाण्यात रिठ्याचं टरफल कुस्करलं तर मात्र फेस येतो. कारण रिठ्यात साबण नसतो, सॅपोनिन असतं. नावात साबण आहे, लॅटिनमधल्या 'सॅपो'वरूनच ते आलं, पण घडण वेगळी. एका टोकाला तेलाशी सलगी करणारा कार्बनच्या कड्यांचा जुडगा, दुसऱ्या टोकाला पाण्याशी सलगी करणाऱ्या साखरा. या रेणूचं कॅल्शियमशी साबणासारखं लग्न लागत नाही, त्यामुळे दुष्फेन पाणी त्याला फारसं अडवत नाही. वाळलेल्या टरफलात सॅपोनिन दहा टक्क्यांच्या आसपास भरतं. शिकेकाईच्या शेंगेत ते असतं आणि आपल्या हिंगणबेटातही. हिंगणाचं काटेरी झाड, संस्कृतातली इंगुदी, वऱ्हाडाच्या कोरड्या रानातला जुना रहिवासी. हिंगणघाट, हिंगणा, हिंगणी या गावांच्या नावांत ते अजून उभं असल्यासारखं वाटतं, रानात मात्र कमी दिसतं. त्याच्या फळाच्या गरानं रेशीम धूत. सराफ्यात सोनाराकडे दागिना उजळायला दिला तर तो आजही रिठ्याच्या पाण्यात बुडवून ब्रश मारतो. पैठणी धुवायची वेळ आली की साबणाच्या वडीवर विश्वास नसलेल्या आज्या रिठेच काढतात.

अशा दोन तोंडी रेणूला सर्फॅक्टंट म्हणतात. मराठीत पृष्ठसक्रियक. शब्द अवघड, काम सोपं. पाणी स्वतःला फार घट्ट धरून असतं. त्याच्या पृष्ठभागाचा ताण मापकाच्या हिशेबात सुमारे ७२. रिठ्याचं सॅपोनिन पुरेसं मिसळलं की तो चाळीस-पन्नासच्या घरात येतो. म्हणजे पाणी ढिलं पडतं, पसरतं, फटीत शिरतं. शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. कपाशीच्या पानावर नुसतं औषध मारलं की थेंब गोळ्या होऊन घरंगळतात, म्हणून तो पंपात स्टिकर टाकतो. पाच टक्के निंबोळी अर्क घरी करणारे त्यात साबणाचा चुरा घालतात तोही याचसाठी.

बुळबुळीच्या भिंतीशी हा ढिला पडलेला पाण्याचा थेंब काय करतो, ते सावकाश बघण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, तो भिंत आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत शिरतो. जीवाणू पत्र्याला धरून असतात ते पुष्कळदा तेलकट टोकांच्या जोरावर. सर्फॅक्टंटची तेलकट शेपटी मध्ये घुसून ती मिठी सोडवते. दुसरी गोष्ट, जेलीतली प्रथिनं आणि चरबीसारखे पदार्थ त्याच्या गोळ्यांमध्ये, म्हणजे मायसेलमध्ये, गुंडाळले जाऊन पाण्यात निघून जातात. भिंतीतला माल हळूहळू उपसला जातो. तिसरी गोष्ट, भिंत अशी पोकळ झाली की मागून येणाऱ्या क्लोरीनला किंवा औषधाला आतली वाट मोकळी होते.

चौथी गोष्ट तो सहसा करत नाही, आणि नेमकं तिथंच बाजारातल्या जाहिराती घसरतात. सॅपोनिन जीवाणूला सहज मारत नाही. त्याची खरी आवड आहे कोलेस्टेरॉल. पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल दिसलं की ते त्याला मिठी मारून आवरणाला भोकं पाडतं. जीवाणूंच्या आवरणात बहुधा कोलेस्टेरॉल नसतं. आपल्या तांबड्या रक्तपेशींच्या आवरणात ते भरपूर असतं. बुरशीच्या आवरणात त्याचं भावंड एर्गोस्टेरॉल असतं. त्यामुळे रिठ्याचा अर्क कँडिडासारख्या बुरशीवर बरा चालतो, रक्तात मिसळला तर रक्तपेशी फोडतो, डोळ्यात गेला तर डोळा लाल करतो आणि साध्या जीवाणूला नुसतं त्याच्या जागेवरून उठवतो. रिठा जंतुनाशक आहे असं पाकिटावर लिहिणाऱ्याला हा हिशेब कुणीतरी एकदा समजावून सांगायला हवा.

गंमत म्हणजे ही युक्ती जीवाणूंनाही ठाऊक आहे. जखमांत आणि कानांत छळणारा सुडोमोनास एरुजिनोसा स्वतःच रॅम्नोलिपिड नावाचा सर्फॅक्टंट तयार करतो. स्वतःच्या वसाहतीतल्या वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून आणि वसाहत जुनी झाली की काही मंडळींना सुटून दुसरीकडे जाता यावं म्हणून. हे द्रव्य त्याच्याकडून काढून घेतलं की वसाहतीच्या वाटा बुजून जातात. माणसानंही हा धडा घेतला. यीस्टला साखर आणि वनस्पती तेल खाऊ घालून सोफोरोलिपिड नावाचं सर्फॅक्टंट करून घेता येतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत त्यावर बरीच वर्षं काम झालं आहे.

प्रयोगशाळेतला पुरावा कसा मिळतो तेही सांगून टाकतो, म्हणजे 'बायोफिल्म नव्वद टक्के नष्ट' असं वाचलं की हुरळून जायला होणार नाही. प्लास्टिकची एक ताटली असते, हाताच्या पंजाएवढी, तिच्यात ९६ खळगे. इडलीपात्राची फार बारीक आवृत्ती समजा. प्रत्येक खळग्यात जीवाणू आणि त्यांचं खाणं घालून एक-दोन दिवस उबेत ठेवतात. तळाला बुळबुळ धरते. मग वेगवेगळ्या मात्रेत रिठ्याचा किंवा दुसऱ्या कशाचा अर्क घालतात, धुतात आणि जांभळा रंग ओततात. हा रंग म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट, जुन्या पिढीच्या गुडघ्यांवर लागलेलं जांभळं औषध. जिथं बुळबुळ शिल्लक तिथं रंग शिल्लक. तो अल्कोहोलमध्ये विरघळवून यंत्रानं मोजायचा. पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत, म्हणून महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तिचीच चलती. पण रंगाला जिवंत आणि मेलेल्यातला फरक कळत नाही. शिवाय ताटलीतली एका जातीची दोन दिवसांची बुळबुळ आणि पाइपातली पंधरा वर्षांची, गंज-माती-बुरशी मिसळलेली बुळबुळ यांत झोपडी आणि किल्ल्याइतकं अंतर. पहिली रिठ्यानं उठली म्हणून दुसरी उठेलच असं नाही.

वरूड-मोर्शीकडचा संत्रावाला हा किल्ला रोज पाहतो. ठिबकच्या नळ्यांत पाणी हळू वाहतं, उन्हानं ते कोमट होतं, त्यात खतं सोडलेली असतात. बुळबुळीला याहून चांगली खानावळ मिळणार कुठं? ताशी चार लिटर सोडणारी तोटी आधी तीन सोडते, मग दोन, मग त्या झाडाची पानं कोमेजतात तेव्हा कळतं की ठिबक चोक झालं. कठीण पाण्याचे क्षारही त्यात येऊन बसतात. क्षार बुळबुळीला आधार देतात, बुळबुळ क्षारांना धरून ठेवते, अशी दोघांची युती. म्हणून इलाजही दोन. क्षारांसाठी अ‍ॅसिड, बुळबुळीसाठी क्लोरीन. आणि ते एकत्र कधीही नाही, कारण दोन्ही भेटले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. घरी ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकाच बादलीत ओतणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. इलाज झाला की नळ्यांची टोकं उघडून पाणी जोरात सोडायचं, म्हणजे फ्लश करायचं. अनुभवी माणूस या शेवटच्या पायरीला सर्वांत जास्त वेळ देतो. सुटलेली बुळबुळ नळीतच राहिली तर पुढच्या तोटीत जाऊन बसते, आणि सर्फॅक्टंटचं काम निम्म्यावर सोडलं तरी हेच होतं.

वनस्पतीतून आलेलं सर्फॅक्टंट आज खरोखर कुठं रुजलं असेल, तर जखमेवर. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी वसाहत उभी केली. कुष्ठरोगात पायाची संवेदना जाते, काटा बोचलेला कळत नाही आणि तळव्याच्या जखमा वर्षानुवर्षं भरत नाहीत. अशा रुग्णांना आपल्या पायांची निगा स्वतः राखायला शिकवतात. पाय पाण्यात भिजवायचा, निबर कातडी हलक्या हातानं घासून काढायची, मग तेल लावायचं. मधुमेही माणसाच्या पायाची गोष्टही फार वेगळी नाही. अशा न भरणाऱ्या जखमांमध्ये बुळबुळ किती असते हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ साली सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. ५० जुन्या जखमांपैकी ३० मध्ये ती सापडली, १६ ताज्या जखमांपैकी फक्त एकीत. अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स होऊन जखम तशीच का राहते याचं एक उत्तर इथं मिळतं.

शल्यविशारद आधी मेलेला भाग खरवडून काढतात. त्यानंतर जखम धुवायला एक खास द्रावण निघालं आहे. त्यात ०.१ टक्का जंतुनाशक आणि ०.१ टक्का सर्फॅक्टंट. हे सर्फॅक्टंट बीटेन जातीचं, आणि त्याची शेपटी येते एरंडेल तेलातून. एरंडेल कडक तापवलं की त्याच्या रेणूचे दोन तुकडे पडतात. त्यातला अकरा कार्बनचा तुकडा म्हणजे अनडेसिलेनिक आम्ल, तोच इथं कामाला येतो. ओसाड गावी एरंड बळी म्हणून आपण ज्या झाडाला हिणवलं, त्याच्या तेलाचा तुकडा आज मोठमोठ्या रुग्णालयांत जखमांची बुळबुळ सोडवतो. खोबरेल आणि मक्याची साखर यांपासूनही अशी सौम्य सर्फॅक्टंटं होतात. अंगाला लावायच्या महागड्या 'सल्फेट-फ्री' साबणांच्या बाटलीवर ग्लुकोसाइड म्हणून लिहिलेलं असतं ते हेच. ती कारखान्यात घडवलेली, मोजून मापून शुद्ध केलेली असतात. घरी उकळलेलं रिठ्याचं पाणी म्हणजे ते नव्हे. आंघोळीच्या वेळी केसांवर ठीक, पण उघड्या जखमेवर ते घालू नये. रक्तपेशींचा हिशेब वर केलाच आहे.

तरीही सॅपोनिन मोजून वापरलं तर शरीराच्या आतही जातं. चिलीमधल्या क्विलाजा झाडाच्या सालीतलं सॅपोनिन लशींची ताकद वाढवायला घालतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या मलेरियाच्या लशीत ते आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस ऑक्टोबर २०२३ मध्ये केली. तिथं त्याचं काम बुळबुळ काढण्याचं नाही, शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करण्याचं आहे. पण रेणूचं घराणं तेच.

मोजमाप सुटलं की काय होतं ते ओढ्यातल्या माशांना विचारावं. हिंगणबेट ठेचून डोहात टाकलं की मासे गुदमरून वर येतात, कारण सॅपोनिन त्यांच्या कल्ल्यांच्या नाजूक पेशी फोडतं. मासेमारीची ती जुनी रीत आहे. इथिओपियाचे अक्लिलू लेम्मा १९६४ साली आदवा गावाजवळच्या ओढ्यावर फिरत होते. बाया एंडोड नावाच्या झुडपाच्या फळांनी कपडे धूत होत्या, आणि त्यांच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगायींचा खच पडला होता. त्या गोगलगायी बिलहार्झिया रोगाच्या कृमीला वाढवतात. एंडोडच्या सॅपोनिननं त्या मरत होत्या. या कामासाठी लेम्मा आणि त्यांचे सहकारी लेगेसे वोल्डे-योहान्स यांना १९८९ साली राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. गोगलगाय मेली याचा आनंद खरा, पण त्याच पाण्यात बेडकाची पिल्लंही असतात. म्हणून रिठ्याचं पाणी निसर्गातलं आहे, तर ते कुठंही ओता, असं मी म्हणणार नाही. तळ्यात तर मुळीच नाही.

आता पुन्हा आपल्या कूलरकडे. टाकी रिकामी करा आणि दोन दिवस कडक उन्हात उपडी घाला. आमचं ऊन एवढ्या तरी कामाला यावं. वाळलेला पापुद्रा आधी कोरडाच ब्रशनं काढा. मग रिठ्याचं किंवा साध्या भांड्याच्या साबणाचं पाणी घालून पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि कोपरे घासा. घासणं टाळणारं कुठलंही द्रव्य अजून निघालेलं नाही. वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात १९५६ साली देह ठेवणाऱ्या गाडगेबाबांच्या हातात शेवटपर्यंत खराटा होता, बाटली नव्हती. घासण्याला दुसरंही एक कारण आहे. डेंगीच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने तग धरतात. महापालिका 'कोरडा दिवस पाळा' सांगते, पण नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत. घासून, धुऊन, सगळा फेस निघाल्यावर मग ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी फिरवा आणि तेही ओतून द्या. हा क्रम उलटा केला तर लेव्हेनहूकची चूळ भरल्यासारखं होईल.

मी स्वतः एका वर्षी रिठेच वापरले. पंधरा-वीस रिठे रात्री भिजत घातले, सकाळी कुस्करले. गाळलेल्या पाण्याला दाट, पिवळसर फेस आला. टाकी चकचकीत निघाली, हाताला सुरकुत्या पडल्या आणि नाकात गेलेल्या फेसानं अर्धा तास शिंका आल्या. उरलेलं दोन तांबे पाणी टाकवेना, म्हणून झाकून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं. रिठ्यात सॅपोनिनबरोबर साखरही असते हे तेव्हा लक्षात आलं नव्हतं. एप्रिलची उष्णता, गोडसर पाणी, झाकलेलं भांडं. चौथ्या दिवशी झाकण काढलं तर आंबूस वास आला आणि पाण्यावर एक पातळ, सुरकुतलेली साय धरली होती. बोट लावलं. बुयबुय.